कराडला परत जाण्याचा दावा

माझा पासपोर्ट माझ्या मुलाच्या कपाटातल्या तिजोरीत होता आणि तिजोरीचा नंबर मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर जो तो मला तेच विचारत होता. एक-चार-शून्य-पाच, म्हणजे आमच्या आरोहीचा वाढदिवस. या घरात झाडून सगळ्या कुलपांना तोच नंबर आहे, चोराला कळला तर मेल्याची चंगळ. पण मी तिजोरीला हात लावला नाही. एकतीस वर्षं मी कराडच्या दिवाणी कोर्टात नोकरी केली, त्यातली शेवटची आठ अधीक्षक म्हणून. वस्तू आपली असली तरी दुसऱ्याच्या ताब्यातून परस्पर उचलायची नाही. रीतसर हुकूम आणायचा, मग ताबा घ्यायचा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी एकतीस वर्षं रोज चढले, दोन्ही गुडघे त्यातच गेले.

तर झालं असं. गेल्या वर्षी कराडात मी आमच्या इमारतीच्या जिन्यावरून पडले. तीन तास कोणाला पत्ता नाही. शेवटी खालच्या मजल्यावरची रेणू दूध घेऊन वर आली तेव्हा तिने पाहिलं. हाड मोडलं नाही, पण परीक्षितने, माझ्या मुलाने, फोनवर जो काही धोशा लावला, की मला तिकीट पाठवून अमेरिकेत, सिॲटलजवळच्या बॉथेलला आणलंच. सहा महिन्यांसाठी ये म्हणाला. सहा महिने संपत आले तसं मी म्हटलं, आता निघते. ह्यांना जाऊन फेब्रुवारीत तीन वर्षं होतील, त्या दिवशी मला माझ्या घरात असायचंय. शिवाय माझी कामं आहेत तिथे. कोर्टाच्या आवारात पिंपळाखाली बसून मी लोकांना अर्ज लिहून देते, माझ्यावाचून कितीक जणांचं अडलेलं असतं. तिकडे चार माणसं मला मान देतात. इकडे मला डिशवॉशर लावायची परवानगी नाही, कारण मी वाट्या उलट्या लावते म्हणे.

परीक्षित म्हणाला, "फॅमिली मीटिंगमध्ये घेऊ."

ही फॅमिली मीटिंग रविवारी नाश्त्यानंतर जेवणाच्या टेबलावर भरते. माझी सून रुचा कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. पोरगी हुशार आहे, मनाने चांगली आहे, पण घरातसुद्धा तिला अजेंडा लागतो. त्या दिवशी स्क्रीनवर तीन विषय होते. एक, डिशवॉशरचा आवाज. दोन, आरोहीचं व्हायोलिन. तीन, आई. डिशवॉशरवर वीस मिनिटं चर्चा झाली. माझ्यावर सहा. ठराव असा: आई इथेच राहणार, व्हिसाचं एक्स्टेंशन भरायचं, कराडचं पुढचं पुढे बघू, आणि पासपोर्ट सेफ राहावा म्हणून सेफमध्ये. मी हात वर केला तर रुचा म्हणाली, "आई, तुम्हाला व्होट नाहीये ना. तुम्ही सब्जेक्ट आहात."

सब्जेक्ट! कॉलेजात असते ना, नापास व्हायची गोष्ट, तशी मी.

तुम्ही म्हणाल, मुलाशी सरळ बोलायचं. बोलायचं कसं? त्याच्याशी मी तीन वर्षं सरळ बोललेच नव्हते. हे दवाखान्यात होते तेव्हा शेवटचे दोन दिवस एकच विचारत होते, "परीक्षित निघाला का?" मी रोज फोन केला. परीक्षित म्हणाला, "आई, ऑफिसचं फार अर्जंट काम आहे, आत्ता नाही जमणार." मरणाऱ्या बापापेक्षा अर्जंट? मी ह्यांना काय सांगणार? म्हटलं, "निघालाय. विमानात बसलाय." दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच सांगितलं. आयुष्यात मी कोणाला खोटी साक्ष देऊ दिली नाही आणि स्वतः मात्र नवऱ्याला शेवटचं वाक्य खोटं बोलले. त्याचा राग मला माझ्यावर होता, म्हणून मी तो मुलावर काढत होते. नीट बोलायचे, जेवायला वाढायचे, पण आतून नाही.

आता आरोहीकडे येते. ती सहावीत आहे, अकरा वर्षांची. तिच्या शाळेत त्यांच्या शिक्षिकेने वर्गाचं एक आंतरराष्ट्रीय मानवाधिकार न्यायालय काढलं होतं. सहामाही प्रोजेक्ट. मुलांनीच न्यायाधीश व्हायचं, मुलांनीच कायदे वाचायचे आणि खरीखुरी प्रकरणं शोधून आणायची. तोवर आलेली प्रकरणं म्हणजे आईबापांनी कुत्र्याला पलंगावर झोपू न दिल्याची. आरोही एकदा थालीपीठ खाता खाता म्हणाली, "आजी, आर्टिकल थर्टीन सेज एव्हरीवन कॅन गो बॅक टु देअर ओन कंट्री."

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. मी म्हटलं, "कुठे म्हणतंय? दाखव."

दाखवलं. जागतिक जाहीरनामा, कलम तेरा. प्रत्येकाला कोणताही देश सोडण्याचा आणि स्वतःच्या देशात परत जाण्याचा हक्क आहे. मी चष्मा पुसून तीनदा वाचलं. थालीपीठ करपलं, करपू दे.

त्याच दुपारी मी अर्ज लिहायला घेतला. चार पानं, इंग्रजीत, डावीकडचा समास दुमडून, जसा आमच्याकडे दुमडतात तसा. अर्जदार मी, जाबदेणार परीक्षित आणि रुचा. प्रत्येक पानावर सही, शेवटी सत्यापन, सोबत कागदपत्रांची यादी. अर्जाला निशाणी एक असा आकडा घातला. आमच्या कोर्टात दाखल झालेल्या प्रत्येक कागदाला निशाणी असते, म्हणजे कोपऱ्यात लाल शाईने नंबर. तो पडला की कागद कोर्टाचा झाला, मग खुद्द ब्रह्मदेव आला तरी त्याला तो नाही म्हणता येत नाही. आरोही दप्तरात घालून घेऊन गेली.

आठ दिवसांनी उत्तर आलं. अर्ज परत! कारण काय, तर अर्जदाराने आधी आपल्या घरातले सगळे उपाय संपवलेले नाहीत. घरच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन या, मग आमच्याकडे या.

काय सांगू, माझा ऊर भरून आला. पहिल्याच फटक्यात अर्ज परत! पोरं शाळेतली, पण कोर्ट अस्सल होतं. एवढ्या महिन्यांत परदेशात पहिल्यांदा मला घरच्यासारखं वाटलं.

मग मी घरातले उपाय संपवायला निघाले. पुढच्या रविवारी फॅमिली मीटिंगमध्ये फेरविचाराचा अर्ज ठेवला. चार मिनिटांत फेटाळला. आता वरचं कोर्ट कुठलं? मी विचार केला, आणि जे उत्तर आलं ते मला मुळीच आवडलं नाही. या देशातल्या कुठल्याही मराठी घरात शेवटचं अपील व्हिडिओ कॉलवर जातं, आणि ते सुनेच्या आईकडे जातं. आमचं सर्वोच्च न्यायालय नागपूरला होतं. सीमाताई, माझी विहीण.

मी मुलाची आई! लग्नात मानपानाच्या वेळी जिने मला वाकून नमस्कार केला होता तिच्यापुढे मी फिर्यादी म्हणून उभी राहायची? पण उपाय संपवायचा म्हणजे संपवायचा. मी पदर नीट केला आणि फोन लावला. सीमाताई मेथी निवडत होत्या. पूर्ण वेळ मेथीच निवडत होत्या, एकदाही वर बघितलं नाही. माझं सगळं म्हणणं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "अहो विहीणबाई, लोक तिकडे राहायला मिळावं म्हणून नवस करतात, अन् तुम्हाला कराड आठवतंय? गुमान राहा नं. मुलगा बोलावतो तर नाही म्हणू नये." अपील खर्चासह फेटाळलं. मी स्क्रीनचा फोटो काढून ठेवला, मेथीसकट. तीच निकालाची नक्कल, निशाणी पाच.

आणि अर्ज पुन्हा दाखल केला. या वेळी नोंदवून घेतला गेला.

परीक्षितला हे सगळं आधी फार गोड वाटत होतं. "आई, यू आर सो क्यूट," असं म्हणायचा. मग एके दिवशी त्याला शाळेची ईमेल आली, विषय: ॲक्शन रिक्वायर्ड. ते दोन शब्द दिसले की या पोराचं हसू मावळतं, नोकरीतली सवय. जाबदेणाऱ्याने दहा दिवसांत कैफियत द्यावी, म्हणजे लेखी उत्तर. त्याने काय करावं? उल्हासकाकांना फोन लावला.

उल्हासकाका बॉथेलातले सगळ्यात जुने मराठी. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, बावन्न-त्रेपन्न वर्षांपूर्वी आलेले, विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर होते. इथल्या मराठी मंडळाची घटना त्यांनी दोनदा लिहिली आणि तीनदा दुरुस्त केली. रिकामा माणूस आणि त्यात कागदांची आवड, आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. त्यांनी अकरा पानांची कैफियत दिली आणि प्रत मला स्वतः आणून दिली, वर चहा पिऊन गेले. "सुनेत्राताई, राग मानू नका," म्हणाले, "पण तत्त्वाचा प्रश्न आहे."

"मानू कशाला? साखर किती?" मी म्हटलं.

त्यांचे मुद्दे मात्र बिनतोड होते, ते कबूल करते. पहिला मुद्दा, आंतरराष्ट्रीय न्यायालय हे अपिलाचं कोर्ट नव्हे. घरच्या मीटिंगने पुरावा बघून निर्णय दिलाय. तो चूक की बरोबर हे बाहेरच्या कोर्टाने बघायचं नाही. दुसरा मुद्दा, हे कोर्ट घरचा ठराव रद्द करूच शकत नाही, तेवढा त्याचा अधिकारच नाही. आणि तिसरा मुद्दा सगळ्यांत जड: या घराने कोर्टाचा अधिकार कधी मान्यच केलेला नाही. ज्याने मान्य केला नाही त्याच्यावर असं कोर्ट चालत नाही, तो मोठा देश असो की बॉथेलातलं तीन बेडरूमचं घर.

तिसऱ्या मुद्द्याने मला घाम फुटला. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मग माझं मलाच सुचलं. "आरोही," मी विचारलं, "हे प्रोजेक्ट सुरू झालं तेव्हा शाळेने घरी काही पाठवलं होतं का, सही करायला?"

"द परमिशन स्लिप," ती म्हणाली.

काढली. सप्टेंबरातली. भोपळ्याच्या शेतावरची सहल, फ्लूचं इंजेक्शन आणि हे, तिन्हींवर परीक्षितने एकाच मिनिटात बोट दाबलेलं. त्यात चौथ्या ओळीत लिहिलं होतं: आमचे घर या न्यायालयाचा अधिकार मान्य करते आणि त्याच्या निकालाचा आदर करील. खाली 'आय ॲग्री', आणि माझ्या मुलाचं पूर्ण नाव.

कोर्टातल्या बाईचा मुलगा, आणि न वाचता सही करतो! आधी मला लाज वाटली, मग इतका आनंद झाला की मी एकटीच स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या, मग पुन्हा लाज वाटली. निशाणी नऊ.

सुनावणी जानेवारीत शाळेच्या लायब्ररीत ठेवली. बाहेर आठवडाभर चाललेला तोच पाऊस. न्यायाधीश सात. काळे झगे कुठून आणणार, म्हणून सगळ्यांनी काळे रेनकोट घातले होते, हलले की चरचर वाजायचे. मुख्य न्यायाधीश मॅडिसन नावाची मुलगी, दातांना तारा, हातात लाकडी हातोडी म्हणून कुणाच्या तरी घरचं लाटणं. ते आमचंच होतं, हे मला नंतर कळलं. आरोही खरं तर न्यायाधीश होती, पण तिने स्वतःहून माघार घेतली. कारण लेखी दिलं: अर्जदार माझी आजी आहे आणि मला थालीपीठ करून देते. मग तिला दुभाषी नेमलं. मला इंग्रजी येत नाही असं नाही, पण दुभाषी मिळणं हा पक्षकाराचा हक्क आहे आणि मी हक्क सोडत नाही.

पुकारा करायला माणूस नव्हता. मी हरकत घेतली. पुकाऱ्याशिवाय प्रकरण सुरू कसं होणार? शेवटी आरोहीनेच दारात उभी राहून, मी शिकवलं तसं, तीन वेळा ओरडून सांगितलं, "सुनेत्राबाई, हाजीर हो!" लायब्ररीतली बाकीची पोरं पुस्तकं टाकून बघायला आली. रुचा मागच्या बाकावर लॅपटॉप उघडून बसली होती. तिने तो मिटला.

उल्हासकाका उभे राहिले. सूट घालून आले होते. त्यांनी मी जिन्यावरून कशी पडले, तीन तास कशी पडून होते ते सांगितलं, आणि म्हणाले की हा पुरावा घरच्या मीटिंगने तपासलाय, इथे पुन्हा तपासू नये. मॅडिसनने हातातलं कार्ड वाचून दाखवलं. तिच्या शिक्षिकेनेच लिहून दिलेलं होतं: आजींनी जावं की न जावं हे आम्ही ठरवत नाही, त्यांना जाता येतंय की नाही एवढंच बघतो. काका खूश होऊन खाली बसले. मीही खूश झाले. दोन्ही पक्षकार खूश, असं मी एकतीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग परीक्षितला साक्षीला बोलावलं. तो त्या लहान मुलांच्या खुर्चीत बसला, गुडघे हनुवटीला लागले. पोरांनी विचारलं, पासपोर्ट का ठेवलास? तो म्हणाला, सेफ्टी. पोरांनी विचारलं, आजींनी मागितला तर देशील? तो म्हणाला, शी नेव्हर आस्क्ड. हे खरं होतं. मी मागितलाच नव्हता, सरळ दावा लावला होता. माझी मान जरा खाली गेली.

मग मॅडिसनने कार्डावर नसलेला प्रश्न विचारला. तुला भीती वाटते तर तू आजींबरोबर का जात नाहीस?

परीक्षित म्हणाला, "आय कान्ट."

"व्हाय नॉट?"

कोणाचा तरी रेनकोट चरचरला. मग त्याने सांगायला सुरुवात केली, इंग्रजीत, खाली बघून. मला सगळं इंग्रजीतच कळलं. पण दुभाषी मागितला होता मीच, त्यामुळे ते मला दुसऱ्यांदा नातीच्या तोंडून ऐकावं लागलं.

"आजी," आरोही म्हणाली, "बाबा म्हणतो, तो इंडियाला गेला तर व्हिसाचा स्टॅम्प पाहिजे. तो मिळाला नाही तर परत नाही येता येणार. म्हणून तू तिथे पडलीस तर तो येऊ नाही शकणार." ती थांबली. बापाकडे बघितलं. "आणि बाबा म्हणतो, असं एकदा झालंय. आजोबांच्या वेळी. तेव्हा बाबाचा जॉब गेला होता. त्याच वीकमध्ये. सिक्स्टी डेजमध्ये दुसरा नाही मिळाला तर आपल्याला सगळ्यांना जायला लागलं असतं. लॉयर म्हणाला, आत्ता बाहेर गेलास तर परत येणार नाहीस. मी थर्ड ग्रेडमध्ये होती. बाबाने कुणाला सांगितलं नाही. ममाला पण नंतर सांगितलं. तुला सांगितलं ऑफिसचं काम आहे, कारण..." तिने पुन्हा विचारलं, त्याने काहीतरी पुटपुटलं. "कारण तुला दोन वाईट गोष्टी एकदम नको."

मी काय करावं? कोर्टात होते म्हणून बसून राहिले, नाहीतर त्या पोराला जवळ घेतलं असतं. घरी चूल विझायची वेळ आणि हा एकटा, कोणाला न सांगता, बाप मरतोय हे फोनवर ऐकत बसलेला. आणि मी तीन वर्षं त्याला वाढताना भाजी ताटात आदळत होते.

मॅडिसनने हात वर केला, मुख्य न्यायाधीश असून, आणि शिक्षिकेला विचारलं, "कलम तेरा यांनाही लागू होतं का?" शिक्षिका म्हणाल्या, ते प्रकरण आपल्यापुढे नाही. एका मुलाने विचारलं, मग ते कोणाविरुद्ध लावायचं? उल्हासकाका बसल्या जागेवरून हळू आवाजात म्हणाले, "व्हिसा देणाऱ्या सरकारने परमिशन स्लिपवर सही केलेली नाही, बाळा."

निकाल एका पानाचा होता, सात विरुद्ध शून्य. अर्जदाराला परत जाण्याचा हक्क आहे. पासपोर्ट कुलपात ठेवल्याने तो मोडला गेला. परंतु घरच्या मीटिंगचा ठराव रद्द करण्याचा अधिकार या न्यायालयाला नाही. हक्क कसा पाळायचा ते घराने स्वतः ठरवावं आणि चौदा दिवसांत अहवाल द्यावा. लाटणं आपटलं. आरोहीने ते परत दप्तरात घातलं.

म्हणजे मी जिंकले आणि हातात काय? कागद. आमच्याकडे म्हणतात, दावा जिंकणं सोपं, बजावणी होईतो नातू म्हातारा होतो. खरं तर मला आता जावंसं वाटेना आणि राहावंसंही वाटेना. परीक्षितच्या ताटात मात्र त्या दिवसापासून तूप जास्त पडायला लागलं.

एक रविवार गेला, डिशवॉशरवरच चर्चा झाली. दुसऱ्या रविवारी, तेराव्या दिवशी, अजेंड्यावर पहिला विषय मी होते. रुचा म्हणाली, "आई, आज तुम्हालाही व्होट आहे." ती माझ्या बाजूने बोलली, एका अटीवर, मनगटावर ते पडल्यावर वाजणारं घड्याळ बांधायचं. आरोहीने दोन्ही हात वर केले, एकच मोजला गेला. सीमाताई फोनवर होत्या. त्या म्हणाल्या, "मी तर पहिलेच म्हटलं होतं, जाऊ द्या त्यांना." परीक्षितने कुणाच्याच बाजूने मत दिलं नाही. तो उठला, आत गेला, आणि एक जुनं निळं पाकीट आणून माझ्यापुढे ठेवलं.

"आई, यातच आहे सगळं. मी रेणूमावशींशी बोललोय, त्या रोज सकाळी वर येतील. तू फोन उचलत जा फक्त."

"उचलीन रे," मी म्हटलं.

विमानतळावर तो तपासणीच्या रांगेपर्यंत आला. पुढे तिकीटवाल्यांनाच सोडतात. मी वळून बघितलं तर तो पट्ट्याच्या पलीकडे उभा होता, हात खिशात घालून, लहानपणी शाळेच्या फाटकाशी उभा राहायचा तसा. मी म्हटलं, "जा घरी, पार्किंगचे पैसे चढतायत." तो हलला नाही.

पाकीट मी विमानात नीट उघडलं, पासपोर्ट परत आत ठेवायला. आतल्या कप्प्यात घडी घातलेला एक कागद होता. सिॲटल ते मुंबई, एक प्रवासी, परीक्षितचं नाव. तारीख तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली, हे दवाखान्यात होते त्या दुसऱ्या दिवसाची. मागे दुसरा कागद टाचलेला होता, तेच तिकीट सहा तासांनी रद्द केल्याचा. ते पाकीट तिजोरीत तेव्हापासून तसंच पडलं असणार. त्याने त्यातच माझा पासपोर्ट टाकला आणि विसरून गेला. मी जर चोरासारखी तिजोरी उघडली असती तर हा कागद पहिल्याच आठवड्यात हाती लागला असता. पण पासपोर्ट घेऊन पळणारी बाई कशाला वाचतेय इतर कागद?

शेजारच्या बाईला मी म्हटलं, तुमच्याकडे लाल पेन आहे का? होतं. मी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात आकडा घातला, निशाणी चौदा, आणि खाली सही केली.

कराडला पोचले ती तारीख बरोबर ह्यांचीच होती. रेणूने दार उघडून, दिवा लावून ठेवला होता. मी बॅग तशीच दारात टाकली, पाय धुतले आणि ह्यांच्या फोटोपुढे तो कागद ठेवला.

"खोटं नव्हते हो बोलले," मी म्हटलं. "निघाला होता."